गांडुळांचा हिवाळा



तीसाहून अधिक वर्षें मीं प्राथमिक शाळेंत मुलांना शिकविलें. दर पावसाळ्यांत वर्गापुढें फळ्यावर एक वाक्य मी लिहीत असें : ‘गांडूळ हें शेतकऱ्याचें मित्र आहे.’ मुलें तें वहींत उतरवून घेत, परीक्षेंत तसेंच्या तसें लिहीत, आणि मी त्यांना पुरे गुण देत असें. हा मित्र श्वास कसा घेतो, खातो काय, थंडी पडली म्हणजे जातो कोठें, असें एकाही मुलानें मला कधीं विचारलें नाहीं. आणि विचारलें असतें तर मला उत्तर देतां आलें नसतें. तें उत्तर मला सेवानिवृत्तीनंतर मिळालें, परंतु त्याची किंमत मला नव्हे, त्या मित्रांना मोजावी लागली. ती हकीगत प्रथम सांगतों, आणि तिच्यांतून जें थोडें शिकलों तें आपणांपुढें ठेवतों.

माझें बिऱ्हाड नाशिकास आहे. घरांतील भाजीची देठें, फळांच्या साली, चहाचा चोथा हें सारें रोज घंटागाडींत टाकण्यापेक्षां त्याचें घरींच खत करावें आणि गच्चीवरील कुंड्यांना घालावें, असें मनांत आलें. आषाढांत एका रोपवाटिकेंतून दोन ओंजळी गांडुळें आणलीं. आंब्याची एक जुनी लाकडी पेटी घेतली, तिच्या तळाला नारळाचा काथ्या व वाळलेलीं पानें घातलीं, आणि त्यांत तीं सोडलीं. पावसाळा व आश्विन उत्तम गेले. टाकलेली साल चार-सहा दिवसांत दिसेनाशी होई, आणि तिच्या जागीं चहाच्या भुकटीसारखें काळें, निर्गंध खत दिसूं लागे. शेजारच्या गच्चीवर एका स्नेह्यांनींही तशीच पेटी मांडली होती. आम्ही दोघे रोज सकाळीं कठड्यापाशीं उभे राहून एकमेकांच्या गांडुळांचें क्षेमकुशल विचारीत असूं.

मार्गशीर्ष संपतां संपतां थंडीची लाट आली. आमच्या जिल्ह्यांतील थंडी आपणांपैकीं कित्येकांना ठाऊक असेल. निफाडकडे अशा दिवसांत पारा ५ अंश सेंटिग्रेडच्या आसपास उतरतो, आणि द्राक्षांचे बागाईतदार मणी तडकूं नयेत म्हणून पहांटे बागांतून शेकोट्या पेटवून बसतात. शहरांत थंडी थोडी कमी, तरी उघड्या गच्चीवर पहांटे हात काकडावेत इतकी ती होतीच. मीं पेटी उघडून पाहिली. गांडुळें मधोमध एकत्र आलीं होतीं आणि जवळजवळ हालत नव्हतीं. चार दिवसांपूर्वीं घातलेल्या मटारच्या शेंगांच्या साली जशाच्या तशा पडल्या होत्या.

माझा जीव कासावीस झाला. घरांतील ताप पाहण्याची नळी आणून मीं पेटींत खुपसली. पारा जागचा हलला नाहीं. ती नळी ३५ अंशांच्या खालीं कांहीं दाखवीतच नाहीं, हें मुलांना शिकविणाऱ्या मास्तराच्या लक्षांतसुद्धां आलें नाहीं. मग मी जवळच्या एका गोठ्यांत गेलों, मूत्रानें भिजलेलें ताजें शेण घमेलेंभर आणलें, तें पेटींतील सगळ्या थरांत कालविलें, वरून उरलेलीं खरकटीं घातलीं, आणि वारा शिरूं नये म्हणून पेटीला प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळून दोरीनें बांधला. त्या रात्रीं मी समाधानानें झोंपलों. तिसऱ्या दिवशीं दोरी सोडली तेव्हां आंतून वाफ आली, डोळ्यांना झोंबणारा उग्र वास आला, आणि प्लास्टिकच्या आंतल्या बाजूला, जेवढें वर चढतां येईल तेवढें चढून, गांडुळें मरून चिकटलेलीं दिसलीं.

शेजारच्या स्नेह्यांचीं गांडुळेंही त्याच आठवड्यांत गेलीं. त्यांचीं थंडीनें गेलीं. माझीं उष्णतेनें, वाफेनें आणि हवेवांचून गेलीं. मी कांहीं केलें नसतें तर माझीं बहुतेक वांचलीं असतीं, हें मला पुढें कळलें आणि त्याची रुखरुख अजून आहे.

आतां हा फरक कां पडला तें पाहूं. पेटींत खत करण्यासाठीं आपल्याकडे मुख्यतः तीन जातींचीं गांडुळें मिळतात. पहिलें तांबूस, अंगावर फिकट पट्टे असलेलें ‘आयसेनिया फेटिडा’. हें मूळचें समशीतोष्ण देशांतलें. १५ ते २५ अंशांत तें सुखी असतें, १० अंशांच्या खालीं मंद होतें, पण एकाएकीं मरत नाहीं. पेटींतील ओल गोठूं लागली तरच त्याचा खरा घात होतो. दुसरें ‘युड्रिलस युजिनी’, ज्याला रोपवाटिकेंत आफ्रिकी गांडूळ म्हणतात. तें मोठें, करड्या-जांभळ्या रंगाचें, २५ ते ३० अंशांत अतिशय वेगानें खाणारें व वाढणारें. परंतु पश्चिम आफ्रिकेच्या उष्ण भूमीचें असल्यामुळें दिवसेंदिवस थंडी टिकली तर तग धरीत नाहीं. तिसरें आपल्याच देशांतलें ‘पेरिओनिक्स एक्सकेव्हेटस’, बारीक, काळपट, उन्हांत धरल्यास निळसर चमकणारें. त्यालाही ऊबच मानवते. माझ्या पेटींत पहिली जात होती, स्नेह्यांच्या पेटींत दुसरी. म्हणून विकत घेतांना ‘गांडुळें द्या’ एवढेंच न म्हणतां जात विचारून घ्यावी. नाशिक, पुणें, नगर, नागपूर अशा, हिवाळ्यांत गारठणाऱ्या गांवीं तांबडें गांडूळ घ्यावें. मुंबई व कोंकणपट्टींत आफ्रिकी गांडुळाला फारशी भीति नाहीं.

थंडींत गांडुळाच्या देहांत काय होतें हेंही थोडक्यांत सांगतों. आपल्यासारखी स्वतःची उष्णता राखण्याची सोय त्याला नाहीं. भोंवतालची माती जितकी गार तितकें तें गार. देह गार झाला कीं पचन मंदावतें, हालचाल मंदावते, अंडीं घालणें थांबतें. त्याला फुप्फुसें नाहींत; ओल्या त्वचेतून प्राणवायु आंत जातो. म्हणून त्वचा सुकली तरी तें गुदमरतें, आणि भोंवती पाणी साचून हवा निघून गेली तरीही गुदमरतें. थंडी, ओल आणि हवा या तीन गोष्टींचा तोल सांभाळणें, एवढाच गांडुळांच्या हिवाळ्याचा सारा प्रश्न आहे.

शेतांतल्या गांडुळांना हा प्रश्न पडत नाहीं. चार्ल्स डार्विन या थोर शास्त्रज्ञानें १८८१ मध्यें, आपल्या मृत्यूच्या आदल्या वर्षीं, गांडुळांवर एक स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानें १८४२ मध्यें घराजवळच्या एका कुरणावर खडूचे तुकडे पसरून ठेवले होते. २९ वर्षांनीं, १८७१ मध्यें, तेथें चर खणला तेव्हां तो पांढरा थर ७ इंच खालीं गेलेला आढळला. वरची सारी माती गांडुळांनीं विष्ठेच्या रूपानें आणून टाकलेली होती. त्यानें आपल्या अभ्यासिकेंत कुंड्यांतून गांडुळें पाळलीं. जवळ पियानो वाजविला तरी तीं स्वस्थ राहत; परंतु कुंडी पियानोवर ठेवून एक सूर छेडला कीं तो कंप जाणवून तीं झटकन् बिळांत शिरत. थंडींत तीं जमिनींत खोल उतरतात आणि बिळाच्या तळाशीं असलेल्या लहानशा पोकळींत वेटोळें करून राहतात, असें त्या ग्रंथांत वर्णन आहे. आपल्या दख्खनच्या पठारावर खोल बिळें करणारीं गांडुळें कोरड्या दिवसांत तसेंच खालीं जाऊन पडून राहतात, आणि म्हणूनच आपणांला तीं पावसाळ्यांतच भेटतात.

पण पेटींतलें गांडूळ या कुळांतलें नव्हे. तें पालापाचोळ्याच्या व शेणाच्या वरच्या थरांत राहणारें. उघड्या जगांत थंडी पडली तर तें उकिरड्याच्या पोटांत, जेथें कुजण्याची ऊब असते तेथें, सरकतें. आपण त्याला एक फूट खोल पेटींत ठेवतों आणि तिच्या चारी बाजूंनीं गार वारा वाहतो; सरकायला जागा उरत नाहीं. त्याची पळवाट आपण काढून घेतलेली आहे, म्हणून त्याच्या हिवाळ्याची जबाबदारी आपणांवर येते. गांडुळें पाळणें हा कचऱ्याची विल्हेवाट लावण्याचा केवळ एक उपाय आहे, असें मी पूर्वीं समजत असें. आतां तसें समजत नाहीं.

ही जबाबदारी पार पाडणें अवघड मात्र मुळींच नाहीं. पहिली गोष्ट जागेची. उघड्या गच्चीची फरशी रात्रीं आकाशाकडे उष्णता टाकून फार गार होते. म्हणून पेटी फरशीवर न ठेवतां चार विटांवर फळी टाकून तीवर ठेवावी, आणि दिवसा उन्हानें तापणाऱ्या भिंतीच्या आडोशाला, वर छप्पर असेल अशा जागीं ठेवावी. ऊन भिंतीला लागावें, पेटीला लागूं नये. जिन्याखालची जागा किंवा स्वयंपाकघरालगतचा सज्जा सर्वांत चांगला. मुंग्यांचा उपद्रव असेल तर विटांऐवजीं पाण्याच्या वाट्यांत पाय बुडविलेली घडवंची वापरावी.

दुसरी गोष्ट भांड्याची. मातीच्या कुंडींत गांडुळें ठेवणाऱ्यांनीं एक लक्षांत घ्यावें. उन्हाळ्यांत माठांतलें पाणी गार होतें, कारण माठ पाझरतो व तें पाणी वाफ होऊन जातांना उष्णता घेऊन जातें. तीच कुंडी थंडीच्या कोरड्या हवेंत आंतल्या गांडुळांनाही गार करते. म्हणून हिवाळ्यापुरती लाकडी पेटी अथवा तळाला भोकें पाडलेली प्लास्टिकची बादली बरी. पेटी जितकी मोठी व भरलेली, तितकी ती सावकाश गार होते. ओंजळभर माल असलेला डबा एका रात्रींत थंड पडतो. पेटीला बाहेरून गोणपाटाचे दोन-तीन वेढे द्यावे, आणि आंत वरच्या बाजूला सुक्या पानांचा किंवा फाडलेल्या पुठ्ठ्याचा वीतभर जाड थर द्यावा. आपण दुलई पांघरतों ती ऊब निर्माण करीत नाहीं, आंतली ऊब बाहेर जाऊं देत नाहीं, येथेंही तसेंच. मात्र नाक झांकून दुलई घेऊं नये, हा नियम गांडुळांनाही लागूं आहे. प्लास्टिकचा कागद घट्ट बांधण्याची चूक माझ्या हातून झाली, ती आपण करूं नये.

तिसरी गोष्ट अन्नाची, आणि अधिक पेट्या येथेंच बिघडतात. आपल्या घरांत भाजीचा व फळांचा सुकाळ नेमका हिवाळ्यांत असतो. मटारचीं टरफलें, गाजराचे शेंडे, मुळ्याचा पाला, संत्र्यांच्या साली, संक्रांतीच्या वेळचीं उसाचीं चिपाडें; पेटींत टाकण्यासारखें जेवढें पौष महिन्यांत जमतें तेवढें वैशाखांत जमत नाहीं. आणि त्याच वेळीं गांडुळाचें पोट सर्वांत मंद असतें. सुखाच्या हवेंत तें रोज आपल्या वजनाच्या निम्म्यापर्यंत खाऊं शकतें. गारठ्यांत त्याच्या अर्ध्याचीही खात्री नाहीं. न खाल्लेलें अन्न आंबतें, त्याचें पाणी तळाशीं उतरतें, आणि थंडीनें न मेलेलीं गांडुळें आंबटपणानें मरतात. म्हणून अन्न अर्ध्यावर आणावें, बारीक चिरून घालावें, रोज न घालतां आठवड्यांतून एकदां-दोनदां पेटीच्या एकाच कोपऱ्यांत पुरावें, आणि मागचें दिसेनासें झाल्याशिवाय पुढचें देऊं नये. संत्र्यामोसंब्यांच्या साली, कांदा-लसूण, मिठाचें लोणचें, तेलकट व दुधाचें अन्न घालूं नये. ज्यांच्या घरीं अंडीं चालतात त्यांनीं टरफलांची वस्त्रगाळ पूड चमचाभर भुरभुरावी. तिच्यांतील चुन्यानें आंबटपणा मरतो.

मग उरलेल्या ढिगाचें काय करावें? त्यासाठीं शेजारीं दुसरी एक कुंडी मांडावी. तींत एक थर सालींचा व दोन थर वाळलेल्या पानांचे असें भरीत जावें. महिना-दीड महिन्यांत तें अर्धवट कुजून मऊ पडतें, आणि थंडी सरल्यावर गांडुळें तें आवडीनें खातात.

चौथी गोष्ट पाण्याची. आपल्या पठारावर हिवाळ्याची हवा कोरडी असते, त्यामुळें पेटीचा वरचा थर सुकलेला दिसतो आणि आपण पाणी शिंपीत राहतों. आंत मात्र चिखल झालेला असतो. म्हणून डोळ्यांवर विश्वास न ठेवतां हात घालून पाहावें. मधला माल मुठींत घेऊन घट्ट पिळावा. एक-दोन थेंब आले तर ओल बरोबर आहे. धार लागली तर फाडलेला पुठ्ठा किंवा कोरडा काथ्या मिसळावा. मुळींच थेंब न आला तर दुपारच्या वेळीं, हाताला गार न लागेल असें पाणी थोडें शिंपावें. संध्याकाळीं पाणी घालूं नये.

पांचवी गोष्ट ऊब देण्याची. ती देण्याची पाळी क्वचितच येते. लाट फारच तीव्र असेल तर कोमट पाण्यानें भरलेली बाटली फडक्यांत गुंडाळून रात्रीपुरती पेटीच्या एका बाजूला पुरावी. शेण घालायचेंच असेल तर तें आठ-पंधरा दिवस उघड्यावर ठेवून त्याची कढत जिरूं द्यावी, आणि मग एकाच कडेला थोडेंसें ठेवावें. ज्या गांडुळाला ऊब हवी तें तिकडे जाईल, ज्याला नको तें दूर राहील. निवड त्याला करूं द्यावी. ती मीं त्याच्यावतीनें केली आणि त्याचा परिणाम आपण ऐकलाच. पेटींत ३५ अंशांहून अधिक उष्णता गांडुळांना सोसत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. प्रयोगशाळेंत वापरतात तसला साधा उष्णतामापक बाजारांत थोडक्या किंमतींत मिळतो. तो एक घरीं असावा.

शेवटची गोष्ट न करण्याची. हिवाळ्यांत पेटी उपसून खत काढूं नये. तयार खताचा थर हीच गांडुळांची गादी असते. दर दोन दिवसांनीं उकरून ‘आहेत का’ असें पाहूंही नये. प्रत्येक वेळीं सांठलेली ऊब निघून जाते. फाल्गुनांत, ऊन चढूं लागल्यावर, पेटींतील माल गोणपाटावर शंकूसारखा रचावा. उजेड टाळण्यासाठीं गांडुळें खालीं खालीं जातात, वरचें खत हातानें काढून घेतां येतें, आणि शेवटीं तळाशीं गांडुळांचा गोळा उरतो. तो पुन्हां पेटींत सोडावा. कुंडीला दोन मुठी खत पुरे होतें.

श्रोत्यांपैकीं कित्येकांचीं मुलें-मुली बर्फ पडणाऱ्या देशांत राहत असतील. तेथें बाहेर ठेवलेली पेटी गोठून जाते, म्हणून थंडीभर ती तळघरांत अथवा घरांतल्या एखाद्या कोपऱ्यांत ठेवतात. नीट सांभाळलेल्या पेटीला वास येत नाहीं, तेव्हां घरांत ठेवण्यास संकोच नको, असें त्यांना कळवावें.

आतां माझ्या पेटीचें पुढें काय झालें तें सांगून आपली रजा घेतों. मेलेलीं गांडुळें मीं गच्चीवरील जास्वंदीच्या कुंडींत पुरलीं. पेटींतलें जळजळीत शेण काढून टाकलें. परंतु एका कोपऱ्यांत, जेथें शेण नीटसें पोंचलें नव्हतें, तेथला जुना माल फेकण्यास हात होईना. तो तसाच ठेवून, अधूनमधून ओल पाहून, गोणपाट टाकून मी ती पेटी जवळजवळ विसरलों. शिवरात्र आली. थंडी शिव शिव म्हणत निघून जाते म्हणतात, तशी ती गेली. एके दुपारीं माझी नात कुंड्यांसाठीं खत काढायला म्हणून त्या पेटीपाशीं बसली होती. ती मला हांक मारून म्हणाली, “आजोबा, इकडे या ना. हे पांढरे दोरे हलताहेत!”

मी चष्मा पुसून पाहिलें. काळ्या मातींत लहान लिंबाच्या आकाराचे, मोहरीहून थोडे मोठे, पिंवळसर दाणे होते. तीं गांडुळांचीं अंड्यांचीं कोशें. एरव्हीं तीन-चार आठवड्यांत उकलणारीं तीं कोशें थंडीभर पडून राहिलीं होतीं, आणि ऊब येतांच त्यांतून केसासारखीं बारीक पिलें निघूं लागलीं होतीं. एकेका कोशांतून दोन, कोठें तीन. आईबापांना जें साधलें नाहीं तें त्या कोशांना साधलें होतें.

“हीं काय खातात?” नातीनें विचारलें. हाच तो प्रश्न, जो माझ्या वर्गांत कोणी कधीं विचारला नव्हता. मीं तिला सावकाश सारें सांगितलें. आज त्या पेटींतलीं सारीं गांडुळें त्यांचींच प्रजा आहेत, आणि त्यानंतरचे हिवाळे त्यांनीं सुखानें काढले आहेत.

आपल्या घरीं अशी पेटी असेल तर कार्तिक संपण्यापूर्वींच तिला विटांवर उचला, गोणपाट गुंडाळा आणि अन्न निम्म्यावर आणा. पुढचें तीं गांडुळेंच पाहून घेतील.